मूठभर तळ

बंदर कॉलनी, अंदमान
८ फेब्रुवारी २०१६

आक्का,

जयभीम. पोचलो. मद्रासहून पोर्ट ब्लेअर, तिथून पुन्हा जहाज, मग हे बेट. उलट्या इतक्या केल्या की मायनं बांधून दिलेली भाकर कुठल्या समुद्रात गेली ते सांगता येत न्हाई. फोन इथं लागत न्हाई. टॉवर हाय, पण तो आपल्या गावच्या हातपंपासारखा, नुसता उभा. म्हणून पत्र. नववी नापास माणसावर ही पाळी आली, हसू नको.

काम सांगतो. बंदराच्या तोंडाशी समुद्रात दगडाचा लांब बांध हाय. त्सुनामीत फुटला होता, तो अजून नीट करून राहिलेत. सिमेंटचे चार पायाचे ठोकळे क्रेननं उचलून बांधाच्या कडेला टाकायचे. मी साखळीचा हूक लावतो आणि हात वर करतो. बस, एवढंच. क्रेनवर सिद्धलिंग म्हणून भालकीचा माणूस हाय. अर्धं कानडी, अर्धं आपलं बोलतो, मला तम्मा म्हणतो, म्हंजी धाकटा भाऊ. विष्णुपुरीला धरणाची गेटं रंगवताना भेटलेल्या मुकादमानं खोटं सांगितलं न्हवतं, जेवण बरं हाय. रोज मासा. मायला सांगू नको, ती म्हणल पोरगं काट्यानं मरल.

आता खरी गोष्ट. बांधाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याखाली खडक हाय. पोवळ्याचा, ब्लेडीसारखा. खोल समुद्रातून लाट येती ती निवांत येती, बैल पाणी पिऊन परततो तशी. खडकापाशी आली की खाली तिचे पाय अडकतात आणि वरचं अंग तसंच पुढं येतं. मग ती एकदम उभी राहती, भिंतीसारखी, आणि वाकून पडती. सगळी एकदम पडत न्हाई. बांधाकडच्या टोकाला आधी पडती आणि तिथून फाटत जाती, जुनं धोतर फाडावं तशी. शेवटाला पोवळ्याचा एक गड्डा हाय, लाट मागं सरली की उघडा पडतो. आम्ही त्याला टक्कल म्हणतो.

आणि आक्का, त्या लाटेवर माणसं उभी राहतेत. गोरे लोक बोटीनं येतात, फळीवर पोटावर पडून हातानं पाणी मारत जातात, आणि लाट उभी राहिली की हे बी उभे राहतेत. ती मागं फाटत येती आणि हे तिच्यापुढं पळतेत. जरा मागं राहिला तर आत गेला. एक म्हातारा हाय, ऑस्ट्रेलियाचा, उन्हानं भाजून वांग्यासारखा झालेला. आम्ही त्याला लाल्या म्हणतो. तो आत जातो, दिसंनासा होतो, आणि लाटेच्या तोंडातून पुन्हा बाहेर येतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या हातातला हूक सुटला. सिद्धलिंग वरून ओरडला, तम्मा, पाय सांभाळ.

मी नुसतं बघतो. बघायला काय लागतंय.

विहिरीत पाणी किती हाय? पंढरीला विचारून लिही. मायला जयभीम.

तुझा
रामकिशन

*

लातूर
१ मार्च २०१६

चि. रामकिशन,

जयभीम. तुझं पत्र तीन जागी फिरून दवाखान्याच्या पत्त्यावर आलं. नशीब, माझं नाव बरोबर लिहिलंस.

पुण्याचं हॉटेल सोडलंस, हैदराबादची लॉन्ड्री सोडलीस, आता पृथ्वीच्या टोकाला गेलास. तुझा पाय एका जागी का ठरत नाही, हे मी बाबा होते तेव्हापासून विचारते आहे. बाबा गेले, पाय काही ठरला नाही.

इथं पाण्याचं विचारू नको. लातुरात नळ कधीचा बंद. टाकीपाशी पोलीस उभे असतात, घागरीसाठी डोकी फुटू नयेत म्हणून. मी ड्यूटीवरून येताना दवाखान्यातल्या फिल्टरची एक बाटली आणते, तीच दिवसभर. केस धुवून किती दिवस झाले ते लिहीत नाही.

गावाकडं गेले होते. मुखेडच्या स्टँडवर एकच विषय, नवा जिल्हा. उदगीर जिल्हा होणार आणि मुखेड तिकडं जाणार, अशी बोलवा. काहींनी फटाके वाजवले, काहींनी त्यांना शिव्या दिल्या, आम्ही नांदेडातच बरे म्हणून. पंढरी म्हणाला, आक्का, जिल्हा नवा आला तरी टँकर हाच राहणार, नुसतं मागचं नाव पुसून पुन्हा रंगवायचं. होय, पंढरी आता टँकर चालवतो. तू साखळी ओढतोस, तो पाइप ओढतो. दोघांनी शाळा बुडवून पोहायला जायचं सोडलं नाही, त्याचं हे फळ.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : विहिरीत पाणी नाही. गावातल्या बाकीच्या तर कधीच आटल्या. आपली सगळ्यांत खोल आणि पायऱ्यांची, म्हणून पंढरीला टँकर तिच्यातच रिकामा करायचा हुकूम आहे. सारं गाव आता आपल्या वस्तीतल्या विहिरीवर येतं. ज्यांच्या आज्यानं आपल्या आज्याला पाणवठ्यावर चढू दिलं नव्हतं, ते बी घागर घेऊन येतात. माय मधल्या पायरीवर उभी राहून नंबर लावते. कुणाला रागावत नाही, पण नंबरही मोडू देत नाही.

टँकर चार-चार दिवसांनी येतो, पाणी त्याच दिवशी उपसलं जातं, मग तळ उघडाच. तुम्ही दोघं बुडी मारून जो गाळ मुठीत आणायचात आणि आम्हाला दाखवायचात, तो उन्हात तडकून पडलाय. पोरीसोरी त्यावर ठिक्कर खेळतात.

आता माझं. तू "नुसतं बघतो" असं लिहिलंस. तू लहानपणी विहिरीच्या काठावर नुसता बघायला उभा राहायचास, ते मला ठाऊक आहे. त्या खडकावर जाणार नाहीस एवढं एका ओळीत लिहून पाठव. मी मायला शब्द दिलाय की तू लिहिशील.

तुझी
पंचशीला

*

बंदर कॉलनी
२२ मार्च २०१६

आक्का,

जयभीम. तुझं पत्र वाचून विहिरीत पोरी ठिक्कर खेळून राहिल्यात ते डोळ्यापुढून जात न्हाई. तिथं मी बुडी मारून कान फुटेस्तोवर खाली गेलोय, आणि पोरी तिथं लंगडी घालतात.

तुला खोटं लिहीत न्हाई. फळी मिळाली. लाल्याची एक फळी टकलावर आपटून तिचं नाक मोडलं. तो बांधावर टाकून निघाला होता. मी आणि सिद्धलिंगनं ती एम-सील लावून जोडली, वर नायलॉनच्या पोत्याचा तुकडा. दिसायला ती आता आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारासारखी हाय, पण तरती. लाल्यानं बघितली आणि लई वेळ हसला. मग मला शिकवायला लागला. त्याची भाषा मला येत न्हाई, माझी त्याला न्हाई, म्हणून तो पाय धरून दाखवतो. पाय असा न्हाई, असा. डोकं असं.

बंदराच्या आतल्या अंगाला लाट लहान असती, गुडघ्याएवढी, खाली वाळू. तिथं मी उभा राहिलो. आक्का, उभा राहिलो. पाण्यावर. जरा वेळच, पण माझ्याखाली पाणी पळत होतं आणि मी त्याच्यावर उभा. सिद्धलिंग क्रेनमधून उतरून आला आणि म्हणाला, तम्मा, तुला मरायचंच असंल तर माझ्या क्रेनखाली उभा राह, एवढं लांब कशाला पोहत जातो.

एक गोष्ट मात्र जमंना. पडायचं कसं, ते. लाल्या म्हणतो (हातानं म्हणतो) की खडकावर पाणी मांडीएवढंच असतं. पडला तर पाय खाली सोडायचे न्हाईत. पसरून पडायचं, पाठीवर न्हाईतर पोटावर, भाकरी टाकल्यासारखं. आणि डोक्यावर हात. पाय सोडले की पोवळं कापून काढतं, न्हाईतर फटीत पाय अडकतो आणि दुसरी लाट येती.

आपण उलटं शिकलो. पंढरीच्या बानं पाठीला सुका भोपळा बांधून ढकललं तेव्हा सांगितलेलं, बुडायला लागला की घाबरायचं न्हाई, तळ गाठायचा, पायानं रेटा द्यायचा. आणि वर येताना मूठभर गाळ आणायचा, न्हाईतर कोण मानणार तू तळाला गेलता. ते हाडात बसलंय. लाल्या मला उथळ पाण्यात उभा करून ढकलतो. पन्नासदा ढकललं असंल. पन्नासदा पाय खाली. तो माझ्या मांडीवर थापड मारतो आणि काहीतरी म्हणतो, ती शिवी असणार, कारण सगळ्या भाषेत तिचा सूर एकच असतो.

हे पंढरीला वाचून दाखव. त्याला गंमत वाटंल.

खडकावर अजून गेलो न्हाई. लिहून द्यायचं म्हणतेस त्याबद्दल विचार करून राहिलोय.

रामकिशन

*

लातूर
१७ एप्रिल २०१६

चि. रामकिशन,

विचार करायला एवढी लांबलचक ओळ नव्हती ती. "जाणार नाही." दोन शब्द. तू दोन पानं लिहिलीस आणि ते दोन शब्द तेवढे गाळलेस.

इथं रेल्वेनं पाणी आलं. खरंच सांगते. मिरजेहून पाण्याची गाडी. स्टेशनवर माणसांची जत्रा, डब्यांना हार, फोटो काढणाऱ्यांचे धक्के. एक म्हातारी डब्याला हात लावून नमस्कार करत होती. मी पण गेले होते बघायला. डब्याच्या तळातून थेंब थेंब गळत होतं आणि एका कुत्र्यानं तिथंच मुक्काम टाकला होता. सगळ्यांत शहाणं तेच.

चवदा एप्रिलला गावी गेले. जयंती केली, मिरवणूक लहान. नव्या जिल्ह्याचं थंड झालंय. आता म्हणतात आधी पाऊस पडू द्या, मग बघू कुणाच्या जिल्ह्यात पडतो.

तुझं पत्र मायला वाचून दाखवलं. खडकाचं गाळलं. तिला एवढंच कळलंय की तू फळीवर उभा राहतोस. ती म्हणाली, फळीवर तर सुतार पण उभा राहतो. पण माझ्या तोंडाकडं बघत राहिली. तिला वाचता येत नाही, तोंड वाचता येतं.

पंढरीला मात्र सगळं वाचलं. तो टँकरच्या चाकापाशी बसून ऐकत होता. भाकरी टाकल्यासारखं पडायचं, हे ऐकून इतका हसला की ठसका लागला. म्हणाला, भाकरीसारखं पडायचं असंल तर तव्यावर पड म्हणावं त्याला, समुद्र कशाला पाहिजे. मग उठला आणि मातीच्या ढिगावर पसरून पडून दाखवलं, असं का आक्का, असं? सगळी वस्ती हसली. माय सुद्धा. कपडे झाडत म्हणाला, राम्याला लिहा, तळ बघितल्याबिगर वर येणारा पंढरी न्हाई. आणि विहीर भरली की शर्यत लावू, हेही लिहायला सांगितलंय.

मी हसले नाही. मी दवाखान्यात मोडलेली माणसं बघते रोज. रामकिशन, माझी एवढी एक गोष्ट ऐक. त्या खडकावर जाऊ नको. उत्तर लगेच पाठव. शब्द दे, मग कितीही लांब राहा.

पंचशीला

*

बंदर कॉलनी
६ मे २०१६

आक्का,

जयभीम. तुझं पत्र मिळालं. काम लई हाय म्हणून थोडक्यात लिहितो. मी बरा हाय. पायाला कामावर जरा लागलं, सिमेंटचा ठोकळा घासला. मलमपट्टी झाली, काळजी करू नको. लाल्याची बोट गेली. जाताना त्याची चांगली फळी मला देऊन गेला.

पंढरीला सांग, शर्यत पक्की. त्याचं काय चाललंय ते लिही. मागच्या खेपेला त्याचं लिहिलं ते वाचून सिद्धलिंगला पण हसू आलं.

मायला जयभीम.

रामकिशन

*

लातूर
२८ मे २०१६

रामकिशन,

तुझं सहा तारखेचं पत्र येऊन पडलंय. उत्तर द्यायला बसले की हात चालत नव्हता. आज चालवते.

तू पंढरीचं विचारलंस.

एप्रिल सरता सरता झालं. मी इथं ड्यूटीवर होते. अपघात विभागात स्ट्रेचर आलं, मुखेडकडचं म्हणाले, मी सुई घेऊन गेले. तोंड चिखलानं भरलेलं, पुसलं. पुसल्यावर बघितलं तर पंढरी. मी त्याचं नाव घेतलं की नाही ते मला आठवत नाही. सलाईन लावायला त्याचा हात हातात घेतला. मूठ मिटलेली, उघडंना. बोटं एकेक करून उघडली. आत गाळ होता. आपल्या विहिरीचा काळा गाळ, ओला.

आता सगळं क्रमानं सांगते, नाहीतर तुला वाटेल मी काही गाळलं.

टँकर आला. पंढरीनं पाइप विहिरीत सोडला आणि टाकीवर चढून उभा राहिला. खाली पायऱ्यांवर बाया, घागरी, दोर. माय मधल्या पायरीवर. कुणाच्या तरी दोराचा वेढा मायच्या पायात आला आणि ती विहिरीत पडली. कुणी ढकललं नाही. मी वस्तीत घरोघर विचारलं, तसं काही नव्हतं. ती पाठीवर पडली, पसरून. लुगड्यात हवा भरली, पाणी कमरेएवढं. तिला काही झालं नाही. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि वर बघून ओरडली, "उभी हाय मी, उभी हाय."

पण तोवर पंढरी टाकीवरून निघाला होता.

पायऱ्या होत्या, रामकिशन. पायऱ्यांनी उतरला असता तरी चाललं असतं. आणि पाणी किती आहे ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानंच ओतलेलं. पाइप अजून चालू होता. तरी त्यानं उडी घेतली, तुम्ही भरल्या विहिरीत घ्यायचात तशी, उभी, पाय जुळवून, तळ गाठायला. मायच्या शेजारीच पडला. माय सांगते, पाणी कमी आणि आवाज कोरडा आला.

पाठीचा मणका मोडलाय. कमरेखाली काही कळत नाही त्याला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मी नर्स म्हणून ऐकून घेतलं, मग औषधाच्या खोलीत जाऊन बसले. आपण सगळे घाबरलो समुद्राला. रोज झोपताना मला वाटायचं, खोल पाणी, खोल पाणी. आणि हा कमरेएवढ्या पाण्यात, स्वतः ओतलेल्या.

मातीच्या ढिगावर तो किती नीट पडून दाखवत होता. तुझ्या पत्रातलं एक अक्षर विसरला नव्हता.

माय पायऱ्यांवर जात नाही. घरातच बसते. पण विहीर दारात, टँकर यायचा थांबत नाही, आता दुसरा ड्रायव्हर आहे. पाइप सुटला की माय कानावर पदर ओढते.

पंढरीला मी तुझं पत्र दाखवलं. तो म्हणतो ते जसंच्या तसं लिहिते :

"लेका राम्या, तू एवढा समुद्र उपसून राहिला, आणि मी डबक्यात मोडलो. गावाला तोंड दाखवायची सोय न्हाई राहिली. बरं झालं, तसं बी मला कुठं जायचं न्हाई. ठोकळा पायाला घासला म्हणतोस. आक्का नर्स हाय, ती हसली वाचून. ती लाट मारलीस का? तिला काय लिहायचं ते लिही, मला खरं लिही. लई वेळ हाय ऐकायला. भिंत आणि पंखा, बस."

मी हसले नव्हते. पण तो तसं म्हणाला तर तसं.

पंचशीला

*

बंदर कॉलनी
१९ जून २०१६

आक्का,

हे पत्र पंढरीसाठी. त्याच्याजवळ बसून वाच.

पंढरी,

तुझं कळल्यापासून मी बांधावर जाऊन बसतो. सिद्धलिंग शेजारी येऊन बसतो, तंबाखू मळतो. पहिल्या दिवशी मी त्याला आक्काचं पत्र हातात दिलं. त्याला मराठी वाचायला वेळ लागतो. "उभी हाय मी" तिथं त्यानं बोट ठेवलं, आणि बोट पुढं सरकवलंच न्हाई.

तू खरं लिही म्हणतोस. लिहितो.

लाट मारली. तुझं झालं त्याच्या पुढच्याच आठवड्यात, तुझं काहीच ठाऊक नसताना. भरती पुरी होती. लाल्या म्हणाला होता जाऊ नको, हातानं न्हाई, तोंडानं, "नो". मला तेवढं इंग्रजी येतं. तो बोटीत सामान भरत होता तेव्हा गेलो. बंदराच्या तोंडातून खोल पाण्यानं वळसा घालून गेलो, तिथं लाट फुटत न्हाई, निळं पाणी. टोकाशी जाऊन बसलो. फळीवर बसलं की पाय पाण्यात लोंबतात. खाली खडक दिसत होता, पिवळा, तांबडा, त्यात मासे. इतका जवळ वाटला की मी पाय वर घेतले.

दोन लाटा सोडल्या. भ्यालो. तिसरीला हात मारला.

पंढरी, ती मागून येती तेव्हा आवाज येत न्हाई. आधी पाणी खालून निघून जातं, तुझ्याखालचं पाणीच ती ओढून घेती आणि त्याचीच भिंत करती. मी भिंतीच्या माथ्यावर. खाली बघितलं तर विहीर. काठावरून दिसती तशीच, तेवढीच खोल. आणि विहिरीत उडी घ्यायची ती माझी जागा, म्हणून मी भ्यालो न्हाई. उभा राहिलो. एका दमात, लाल्यानं शिकवलं तसं. फळी खाली सुटली आणि वळली. मग वेग. मुखेडच्या घाटात ब्रेक गेलेल्या यष्टीत बसलो होतो आपण, तसा वेग, पण आवाज न्हाई, नुसता सर्रर. उजव्या हाताला भिंत, हात लावला तर हाताखालून वाहून राहिली. डोक्यावर छत आलं. खरंच, पाण्याचं छत. आत सगळं हिरवं. पुढं एक गोल भोक, त्यात आभाळ. आपल्या विहिरीच्या तळातून वर बघितलं की दिसतं तसं, पंढरी. मुठीत गाळ धरून वर बघायचो ना आपण, तसं गोल.

तेवढ्यात मी मागं पडलो. भोक लहान झालं आणि मिटलं.

आता ऐक, हे तुलाच सांगतो. मला ठाऊक होतं पसरून पडायचं. पन्नास थापडा खाल्ल्या होत्या मांडीवर. पडताना मनात तेच होतं, भाकरी, भाकरी. आणि पाय खाली गेले. मी सोडले न्हाईत. ते गेले. खाली गेले आणि तळ शोधला त्यांनी, रेटा द्यायला. तळ गुडघ्याएवढ्यावर होता. उजव्या तळव्यातून पोवळं घुसलं ते टाचेपासून बोटांपर्यंत. पायाला बांधलेल्या दोरीनं फळी मला ओढून घेत होती, मी अडकलेला, दुसरी लाट अंगावर. लाल्यानं बघितलं, बोट तिथवर आणली आणि उडी टाकून मला काढलं. तो पसरून पडला, चांगल्या भाकरीसारखा, आणि पाण्याच्या वर वर तरंगत आला. सरकारी दवाखान्यात टाके घातले. ठोकळा बिकळा काही न्हाई. आक्का, तुला नर्स म्हणून कळलंच असंल. आता लंगडतो. नीट चालणार न्हाई म्हणतेत, पण चालणार.

लाल्यानं मला काढलं तेव्हा माझी मूठ मिटलेली होती. बोटीत उघडली. आत पोवळ्याची भुकटी, आणि रक्त. मी कधी हात खाली घातला ते मला ठाऊक न्हाई.

लोक विचारत असतील, कमरेएवढं पाणी हे ठाऊक असताना उडी कशी मारली. पायऱ्या होत्या, असं आक्का पण लिहिती. मी न्हाई विचारणार. तुझ्या बानं आपल्या दोघांच्या पाठीला एकच भोपळा बांधला होता, पाळीपाळीनं. मला ठाऊक हाय कशी मारली. माय पडली आणि तुझे पाय निघाले.

आक्का, तू दोन शब्द मागितले होतेस. खडकावर जाणार न्हाई, असं मी लिहून देत न्हाई. लिहून दिलेलं पाय वाचत न्हाईत. पण लाल्याची फळी सिद्धलिंगला देऊन राहिलोय. त्याला पोहता येत न्हाई. तो म्हणतो, भालकीला नेऊन हिच्यावर पापड वाळवतो.

जहाज पुढच्या आठवड्यात. मी येऊन राहिलोय. पंढरी, शर्यत पक्की झालेली हाय, विसरू नको. मी लंगडा, तू झोपलेला, कोण हरतंय बघू. पाऊस पडला आणि विहिरीत पाणी आलं तर तुला बाजेवर घालून मधल्या पायरीपर्यंत उतरवू. पाणी न्हाई आलं तरी उतरवू. तळ तिथंच हाय.

आक्का, हे मायला पण वाच. ती तोंड वाचती म्हणतेस, मग गाळून काही उपयोग न्हाई. विहिरीच्या गोल भोकाचं तेवढं तिला दोनदा वाच. ती बी तिथं खाली उभी राहून वर बघत होती.

तुझा
रामकिशन